विडीवरील करसवलत कोणासाठी? राज्याच्या वित्त व कामगार मंत्र्यांना सोलापूरहून खुले पत्र

प्रति,
मा. वित्तमंत्री आणि मा. कामगारमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: तंबाखूवरील करवाढ आणि विडी कामगार स्त्रियांचे पुनर्वसन ही दोन्ही कामे एकाच निर्णयात घेण्याबाबत.

महोदय,

वस्तू व सेवा कर परिषदेच्या 56व्या बैठकीत, 3 सप्टेंबर 2025 रोजी, सिगारेट आणि खाण्याची तंबाखू यांना 40 टक्क्यांच्या सर्वांत वरच्या टप्प्यात बसवण्याचा निर्णय झाला. त्याच बैठकीत विडीवरचा कर मात्र 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आणायचे ठरले, आणि विडीच्या पानावरचा, म्हणजे तेंदूपत्त्यावरचा कर 18 वरून 5 टक्क्यांवर आणायचे ठरले. या सवलतीची बाजू ज्यांनी ज्यांनी मांडली त्यांनी विडी कामगारांच्या पोटापाण्याचा दाखला दिला. माझी आई विडी कामगार होती. शाळेत असताना मीही तिच्या शेजारी बसून विड्यांची तोंडे मोडली आहेत, पुढे बरीच वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवले आहे, आणि निवृत्तीनंतरही सोलापूरच्या पूर्व भागात त्याच गल्लीत राहते आहे. आमच्या नावाने दिलेली सवलत आमच्या उंबऱ्यापर्यंत कोणत्या वाटेने येणार होती, हे मला अजून उमगलेले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. तंबाखूचा खप घटल्याने आपल्यासारख्या देशाची अर्थव्यवस्था बुडत नाही, सावरते. मात्र खप घटताना ज्यांच्या हातचे काम जाते ती माणसे गरीब आणि काही ठरावीक गावांत दाटलेली असतात, आणि सोलापुरात ती बहुतेक सगळ्या बायका आहेत. तंबाखू महाग करावी आणि त्यातून येणाऱ्या पैशाचा ठरावीक हिस्सा, स्वतंत्र खाते उघडून, या बायकांकडे वळवावा, एवढी माझी मागणी आहे.

सोलापुरात साठ ते सत्तर हजार स्त्रिया विड्या वळतात असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. त्यांतल्या बऱ्याच जणी तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरांतल्या आहेत. नवरा यंत्रमागावर आणि बायको विडीवर, ही पूर्व भागातल्या घरांची जुनी घडी. आमचे घरही तसेच होते. अम्मा रात्री पाने ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची, पहाटे पत्र्याचा तुकडा मापाला लावून ती कातरायची आणि वडील मागावर गेले की सूप मांडीवर घेऊन बसायची. पानावर चिमूटभर तंबाखू पसरायची, पान बोटांत वळायचे, दोऱ्याचे वेढे द्यायचे आणि तोंड मोडायचे, हे ती माझ्याशी बोलता बोलता, खाली न पाहता करत असे. हजार विड्या म्हणजे पंचवीस-पंचवीसचे चाळीस कट्टे. स्वयंपाक, धुणे आणि आजीचे औषधपाणी सांभाळून हजार पुरे करायचे म्हणजे दिवेलागण उलटून जायची. दुसऱ्या सकाळी कट्टे घेऊन ब्रँचवर, म्हणजे कारखान्याच्या माल घेण्याच्या ठिकाणी, रांग लावायची. तिथे चेकर कट्टा हातात दाबून पाहायचा आणि कधी ढिली, कधी आखूड म्हणत विड्या बाजूला टाकायचा. बाजूला टाकलेल्या विड्यांची, म्हणजे छाटीची, मजुरी मिळत नसे आणि त्या विड्या परतही मिळत नसत. त्यांचे पुढे काय होते, हे विचारण्याची कोणाची छाती नव्हती. दिलेल्या पानांत किडकी-फाटकी जास्त निघाली आणि हजार भरले नाहीत, तर तूट भरून काढायला अम्मा पदरचे पैसे घालून बाजारातून पाने आणायची.

तिच्या मजुरीचा दर किमान वेतनाच्या अधिसूचनेवर आणि कारखानदार व युनियन यांच्यातल्या वाटाघाटींवर ठरत असे, आणि छाट व पानांची तूट वजा जाता हातात पडे तो त्याहून खालचा. मालावरचा कर किती आहे याचा त्या दराशी कधी संबंध आला नाही आणि आजही तो येत नाही. करातले 10 टक्के कमी झाले तर ते एकतर कारखानदाराकडे राहतील किंवा विडी स्वस्त होऊन ओढणाऱ्याच्या खिशात जातील. दुसरी शक्यता खरी ठरली तर खप थोडा वाढेल आणि कामाचे दिवसही कदाचित वाढतील, हे मी नाकारत नाही. पण एका मजूर बाईला महिन्याकाठी दोन-चार दिवसांचे जादा काम मिळावे म्हणून दुसऱ्या मजुराच्या छातीत जास्त धूर भरायचा, हा रोजगार हमीचा फार महागडा प्रकार झाला.

तो किती महागडा, हे वित्त विभागाला अपरिचित नसावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या एका अभ्यासानुसार 2017-18 या वर्षात तंबाखूमुळे होणाऱ्या आजारांचा आणि अकाली मृत्यूंचा भारतावरचा आर्थिक बोजा 1,77,341 कोटी रुपये, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 1.04 टक्के होता, आणि हा हिशेब केवळ 35 वर्षांवरील माणसांचा होता. सरकारला तंबाखूवरील उत्पादन शुल्कातून 100 रुपये मिळतात तेव्हा समाजावर 816 रुपयांचा खर्च पडतो, असे त्याच अभ्यासात मांडले आहे. एकट्या विडीचा बोजा अर्थतज्ज्ञ रिजो जॉन यांनी 2017 सालासाठी 80,550 कोटी रुपये काढला, आणि विडीपासून मिळणारा कर या रकमेच्या जेमतेम अर्धा टक्का होता.

या आकड्यांमागे काय असते ते मी घरात पाहिले आहे. वडील विडी ओढत नसत. चंचीतली तंबाखू चुना लावून मळायची आणि गालात धरायची, दिवसातून दहा-बारा वेळा. मागाच्या खडखडाटात डोळा लागू नये म्हणून खावी लागते, असे ते म्हणत. अम्मा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडायची. तारखेच्या चौकटीत दुधाचा रतीब लिहिलेला असे, आणि महिना ओढगस्तीचा असला की पंधरवड्यानंतर अर्ध्या लिटरचा पाव लिटर होई. तंबाखूचा आकडा तिने कधी लिहिला नाही, कारण तो कधी बदलला नाही. पुढे कितीतरी वर्षांनी, 2008 साली प्रसिद्ध झालेला रिजो जॉन यांचाच एक अभ्यास माझ्या वाचनात आला. ज्या घरांत तंबाखूवर खर्च होतो त्या घरांत दूध, शिक्षण आणि स्वच्छ इंधन यांवरचा खर्च कमी असतो, असे त्यांना देशभरातल्या कुटुंबांच्या खर्चाच्या पाहणीतून आढळले होते. वर्गात मी हा विषय शिकवला तेव्हा त्या कॅलेंडरचे नाव घेतले नाही, पण फळ्यावर दूध हाच शब्द पहिल्यांदा लिहिला.

वडिलांच्या गालात गाठ निघाली तेव्हा ते पन्नाशीत होते. उपचार, मुंबईच्या फेऱ्या, धर्मशाळेतले राहणे यांचा खर्च मोठा होताच, तरी त्याहून मोठा खर्च मागे घरात चालू होता. मागावरची मजुरी थांबली, सोबतीला गेलेल्या अम्माचे कट्टे थांबले आणि दहावीतला धाकटा भाऊ शाळा सोडून कारखान्यात लागला. वर उल्लेखलेल्या 1,77,341 कोटींपैकी 78 टक्के भाग हा असा अप्रत्यक्ष, म्हणजे बुडालेल्या कमाईचा आहे. माझ्या भावाची पुढची चाळीस वर्षांची कमाई जी कमी झाली ती मात्र या 78 टक्क्यांतही धरलेली नसावी. तंबाखूवरचा खर्च आणि तिच्यामुळे होणारा उपचाराचा खर्च वजा केला तर देशातले सुमारे दीड कोटी लोक दारिद्र्यरेषेखाली ढकलले जातात, असा अंदाज 2011 साली मांडला गेला. त्या दीड कोटींत विडी वळणारी किती घरे असतील याचा शोध कोणी घेतला तर बरे होईल.

आता रोजगाराच्या प्रश्नाकडे येते. तंबाखू बंद झाली की बाजारातला तेवढा पैसा आटला, असे बोलण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु ज्या माणसाने मावा सोडला त्याच्या खिशातले पैसे नाहीसे होत नाहीत. तो ते पोराच्या वहीवर, अंड्यांवर, शर्टाच्या शिलाईवर किंवा गड्ड्याच्या जत्रेत खर्च करतो, आणि त्या प्रत्येक वस्तूमागे कोणाचे तरी काम असते. जागतिक बँकेने 1999 साली हा विषय तपासला तेव्हा निष्कर्ष हाच निघाला की बहुतेक देशांत तंबाखूचा खप घटला तरी एकूण रोजगार घटत नाही. अपवाद मलावी किंवा झिंबाब्वेसारख्या, तंबाखूच्या निर्यातीवर उभ्या असलेल्या देशांचा. आपल्या देशात तंबाखूखालचे क्षेत्र एकूण पेरणीच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे, त्यामुळे आपली गणना त्यांत करण्याचे कारण नाही.

पण एकूण रोजगार घटत नाही या वाक्यावर मी थांबू शकत नाही, कारण सोलापूर एकूणात राहत नाही. दुधाचा खप वाढून माढ्याच्या किंवा सांगोल्याच्या गोठ्यात नवे काम निघाले तर ते नीलमनगरच्या पंचेचाळिशीतल्या बाईला मिळणार नाही. हा धडा या गावाने एकदा गिरवलेला आहे. 1990च्या दशकात लक्ष्मी-विष्णू मिल बंद पडली तेव्हा देशाच्या वस्त्रोद्योगाचे फार काही बिघडले नसेल, कापड दुसरीकडे निघत राहिले. पण गिरणी कामगार हातगाड्यांवर, रिक्षांवर आणि पहारेकरी म्हणून विखुरले, आणि त्यांच्या घरांतल्या ज्या बायका तोवर विडीपासून लांब होत्या त्याही सूप घेऊन बसल्या. एका उद्योगाने टाकलेली माणसे दुसऱ्या, त्याहून हलक्या उद्योगाने झेलली. आता तो दुसरा उद्योगही आकसतो आहे आणि खाली झेलायला काही उरलेले नाही.

तो आकसतो आहे हे करामुळेच घडते असेही नाही. देशातल्या प्रौढांपैकी विडी ओढणाऱ्यांचे प्रमाण 2009-10च्या राष्ट्रीय पाहणीत 9.2 टक्के होते, 2016-17च्या पाहणीत ते 7.7 टक्के झाले. एकूण तंबाखू वापरणारे याच काळात 34.6 टक्क्यांवरून 28.6 टक्क्यांवर आले. लोक शहाणे होत आहेत, पाकिटावरचे चित्र 2016पासून 85 टक्के जागा व्यापते आहे, आणि विडी कामगारांच्या मुली विडीचे पान हातात धरायला तयार नाहीत, याचा मला तरी आनंदच आहे. उतरण तर सुरू झालीच आहे. करसवलतीने ती थांबणार नाही, लांबेल फक्त, आणि त्या लांबलेल्या काळात या बायका वयाने आणखी थकतील.

करवाढीने महसूल बुडेल ही भीतीही हिशेबात टिकत नाही. 28 टक्के कर होता तेव्हा विडीच्या 100 रुपयांच्या विक्रीत साधारण 22 रुपये कराचे होते. 18 टक्के दराने ते 15च्या आसपास येतात. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस किमतीच्या किमान 75 टक्के करभार असावा अशी आहे, म्हणजे आपण चुकीच्या दिशेला तोंड करून चालू लागलो आहोत. विडीचा भाव 10 टक्क्यांनी वाढला तर तिचा खप सुमारे 9 टक्क्यांनी घटतो, असे भारतातल्या अभ्यासांतून दिसते. आता समजा 100 रुपयांच्या विडीवर आणखी 10 रुपये कर बसवला. कर 15चा 25 झाला, विक्री 100च्या ठिकाणी 91 राहिली, आणि सरकारच्या हाती 15 रुपयांच्या जागी पावणेतेवीस रुपये आले. ओढणारे कमी झाले आणि महसूल दीडपट झाला. अकरावीच्या मुलांना मागणीची लवचिकता शिकवताना मी हेच उदाहरण घेत असे, आणि ते त्यांना पहिल्या तासाला समजत असे.

या जादा पावणेआठ रुपयांचे काय करायचे, हा माझ्या पत्राचा गाभा आहे. ते सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत मिसळून जाऊ नयेत. यात नवे काही मागत नाही, कारण अशी सोय पूर्वी होती. 1976च्या कायद्याने विडी कामगार कल्याण निधी उभा राहिला आणि विडीवर उपकर बसला. अलीकडच्या काळात तो हजार विड्यांमागे 5 रुपये होता. त्या निधीतून दवाखाने चालले, मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या, घरांसाठी अनुदाने मिळाली. माझ्या कितीतरी विद्यार्थिनींची पुस्तके त्या शिष्यवृत्तीच्या पैशांतून आली होती. 2017 साली वस्तू व सेवा कर आला आणि इतर अनेक उपकरांबरोबर तोही रद्द झाला. योजना कागदावर राहिल्या, पण विकलेल्या प्रत्येक विडीमागे वळणारीचा ठरलेला वाटा असण्याचे जे बंधन होते ते सुटले. त्या वेळी कोणी फारसे बोलले नाही; सगळ्यांचे लक्ष करदराकडे होते.

असे बांधलेले पैसे काय करू शकतात हे पाहायचे तर फिलिपिन्सकडे पाहावे. त्या देशाने 2012 साली दारू आणि तंबाखूवरील करांचा कायदा बदलला, दर एकदम चढवले, वाढीव उत्पन्नाचा एक भाग तंबाखू पिकवणाऱ्या प्रांतांसाठी राखला आणि उरलेल्यातला मोठा हिस्सा सर्वांच्या आरोग्यविम्याला दिला. तिथे तंबाखू वापरणारे प्रौढ 2009 साली 29.7 टक्के होते, ते 2015 साली 23.8 टक्के झाले. जवळचे उदाहरण हवे असेल तर कन्नूरचे घ्यावे. 1966चा विडी कामगार कायदा केरळने अमलात आणायला घेतला तेव्हा मंगळूरच्या बड्या कारखानदारांनी तिथले काम बंद करून हजारो कामगारांना घरी बसवले. त्यांतून 1969 साली दिनेश विडी ही कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली आणि भरात असताना तिच्यात चाळीस हजारांहून अधिक कामगार होते. नंतर विडीचा खप घसरू लागल्यावर ही संस्था रडत बसली नाही, तिने 1990च्या दशकापासून मसाले आणि खाद्यपदार्थ, छत्र्या, मग तयार कपडे असे नवे उद्योग काढले. सगळे कामगार त्यांत सामावले असे म्हणता येणार नाही. पण उतरणीवर ब्रेक दाबायला तिथे कोणीतरी बसलेले होते, एवढे खरे.

सोलापुरात हे होऊ शकते असे म्हणण्याला आधार आहे. संघटनेची ताकद या बायकांनी दाखवलेली आहे. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली लढून त्यांनी कुंभारीच्या माळावर दहा हजार घरांचे गोदूताई परुळेकर घरकुल उभे केले, आणि 2006 साली त्या घरांच्या किल्ल्या पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते मिळाल्या. गावात टॉवेल आणि चादरीचा धंदा आहे, शालेय गणवेश शिवणारे कारखाने आहेत, शेंगाचटणी आणि कडक भाकरी परगावी जाते. तरीही विडी कामगार बाई त्यांत सहज का जात नाही, याचे कारण मंत्रालयातून दिसत नसावे म्हणून सांगते. विडीचे काम दारात येते. चुलीवर भात ठेवून ते करता येते, पोराला ताप आला तर चार तास थांबवता येते, रात्री विजेच्या उजेडात पुरे करता येते. गणवेशाचा कारखाना एमआयडीसीत आहे, तिथे सकाळी ठरलेल्या वेळी हजर व्हावे लागते आणि घरकुलातून जायला-यायला रिक्षाचे पैसे पडतात. मजुरी जास्त असूनही ते काम परवडत नाही.

प्रशिक्षण हा शब्द तर आम्ही इतक्यांदा ऐकला आहे की त्यावर हसू येते. माझ्या शेजारच्या बाईंनी दोन वर्षांपूर्वी एका संस्थेत तीन महिने शिलाई शिकली. शेवटच्या दिवशी समारंभ झाला, फोटो निघाले, लॅमिनेट केलेले प्रमाणपत्र मिळाले. मशीन मिळाले नाही आणि काम तर नाहीच नाही. परवा त्यांच्याकडे गेले तेव्हा पानांच्या गोणपाटाखाली ओल लागू नये म्हणून काहीतरी चकचकीत अंथरलेले दिसले. ते ते प्रमाणपत्र होते.

म्हणून कामगारमंत्र्यांना माझी विनंती अशी की प्रशिक्षणापासून सुरुवात न करता वयापासून करावी. ओळखपत्रे आणि भविष्यनिर्वाह निधीचे क्रमांक सरकारपाशी आहेतच, त्यांवरून किती जणी कोणत्या वयाच्या आहेत हे काढता येईल. ज्या पन्नाशीपुढे गेल्या आहेत त्यांना नवा धंदा शिकवायच्या भरीस पडू नये. निवृत्तिवेतन योजनेतली किमान रक्कम 2014पासून महिना 1,000 रुपयांवर अडकली आहे, तिच्यात या निधीतून भर घालून त्यांना सन्मानाने सूप खाली ठेवू द्यावे. ज्या तिशी-चाळिशीत आहेत त्यांच्यासाठी घरकुलात आणि पूर्व भागातल्या वस्त्यांत, चालत जाता येईल अशा अंतरावर, पाळणाघरासह शिलाईच्या शेड उभाराव्यात, त्या त्यांच्याच सहकारी संस्थांच्या ताब्यात द्याव्यात आणि शासकीय रुग्णालयांच्या चादरी, वसतिगृहांचे टॉवेल, शाळांचे गणवेश यांच्या खरेदीतला काही हिस्सा काही वर्षे त्यांच्यासाठी राखावा. काम पक्के असेल तर शिकायला त्या कोणाची वाट पाहणार नाहीत. मुलींच्या शिष्यवृत्तीबद्दल वेगळे लिहीत नाही, ती पूर्वी होती तशी वेळेवर सुरू झाली तरी पुष्कळ आहे.

आणि हे सगळे होईपर्यंत जी विडी वळली जाते तिची किमान वेतनाइतकी मजुरी पुरी मिळावी, छाटीला नियमांत जी मर्यादा आहे ती पाळली जावी. याकडे मी केवळ न्यायाचा मुद्दा म्हणून पाहत नाही. मजुरी पुरी दिली तर विडी महागच होईल, खपही घटेल, आणि त्या महागाईतला पैसा सरकारकडे वळसा न घालता थेट वळणारीच्या हातात पडेल. अडचण एवढीच की एकट्या महाराष्ट्राने कडक अंमल केला तर कारखानदार कमी मजुरीच्या राज्यात काम हलवतील. मंगळूर-कन्नूरमध्ये तेच घडले होते. त्यामुळे विडी मजुरीचा देशभर एकच किमान दर असावा, हा आग्रह महाराष्ट्राने दिल्लीत धरायला हवा.

दोन आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला, कर वाढला की चोरटा माल वाढतो. कर्नाटकची हद्द आम्हांला जवळ आहे आणि गुटख्यावर 2012पासून राज्यात बंदी असूनही पकडलेल्या साठ्यांच्या बातम्या आम्ही नेहमी वाचतो, तेव्हा हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. परंतु वस्तू व सेवा कराचा दर सर्व राज्यांत सारखा असतो. एकाच राज्यातली बंदी हद्दीवरून फोडता येते, तशी फट सारख्या करात राहत नाही. दुसरा आक्षेप, गरिबाची विडी कशाला महाग करता. ज्याला सोडवणार नाही त्याच्यावर भार पडेल हे खरे आहे, आणि सोडायला मदत करणारी केंद्रे वस्तीत नसतील तर तो भार अन्यायाचाही ठरेल. पण भाव वाढल्यावर सोडणाऱ्यांत गरीबच अधिक असतात आणि आजारपणाचा खर्च वाचतो तोही त्यांचाच. एक काळजी मात्र घ्यावी लागेल. 2016-17च्या पाहणीत आपल्या राज्यात धूम्रपान करणारे प्रौढ 3.8 टक्केच होते, तर तंबाखू चघळणारे, लावणारे 24.4 टक्के. विडी महाग आणि मळायची तंबाखू स्वस्त असे झाले तर माणूस एका पुडीवरून दुसऱ्या पुडीवर जाईल, म्हणून दोन्हींचे दर एकत्रच हलवावे लागतील.

महाराष्ट्र हे वस्तू व सेवा कर परिषदेत वजन असलेले राज्य आहे. येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनापूर्वी आपण तीन गोष्टींची लेखी उत्तरे जाहीर करावीत, अशी विनंती आहे. विडीवरच्या करसवलतीतले किती रुपये हजार विड्यांच्या मजुरीत उतरतील अशी शासनाची अपेक्षा आहे आणि ते कोण मोजणार आहे. विडीवरचा दर इतर तंबाखूच्या बरोबरीने आणण्याचा प्रस्ताव महाराष्ट्र परिषदेत मांडणार आहे की नाही. आणि 2017 साली रद्द झालेल्या उपकराच्या जागी विडी कामगारांसाठी बांधील निधी कोणत्या लेखाशीर्षाखाली उघडला जाईल. उत्तर मराठीत असावे आणि जमल्यास तेलुगूतही, म्हणजे मला ते गल्लीत वाचून दाखवताना भाषांतर करावे लागणार नाही.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त अर्थशास्त्र शिक्षिका,
पूर्व भाग, सोलापूर